गाडीचं ऑइल आणि आईचा रविवार

आमच्या गाडीला सतरा वर्षं झाली. पंधराव्या वर्षी मी तिचं पुन्हा पासिंग करून आणलं, तेव्हा बायको म्हणाली होती, "माणसाले रिटायर झाल्यावर मुदतवाढ मिळत नाही अन् या डब्याले मिळते." डबा माझ्या नावावर असला तरी तो कोणासाठी ठेवलाय हे तिलाही ठाऊक होतं.

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला त्याला चार वर्षं होतील. डावी बाजू गेली होती, ती हळूहळू बरीचशी परत आली. हात कामापुरता चालतो. डावा पाय मात्र आपल्या मर्जीनं येतो. घरात ती काठी घेऊन फिरते, पण रिक्षात तिला चढता येत नाही. एकदा शेजाऱ्यांच्या नव्या उंच गाडीत तिला नेलं. मी एका काखेत हात घातला, शेजाऱ्यांनी दुसऱ्या, आणि उचलून सीटवर ठेवली. माझी आई तीस वर्षं कळमन्याच्या धान्यबाजारात चाळणी मारत होती, पोती ओढत होती, आणि त्यावर तिनं मला शिकवलं. तिला कोणी उचलून ठेवावं, यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर खुर्चीत बसून ती एवढंच म्हणाली, "मले पुन्हा असं उचलू नको गा. ज्या दिवशी माह्याच्यानं बसनं होनार नाही, त्या दिवसापासून मी कुठीच जानार नाही."

आई बोलते ते करते. हा गुण माझ्यात उतरला नाही, तो सगळा तिनं स्वतःपाशीच ठेवला.

आमच्या जुन्या गाडीत मात्र तिला बसता येतं. पुढची सीट बरोबर तिच्या बेताच्या उंचीची आहे आणि दार चांगलं ऐसपैस उघडतं. ती दाराकडे पाठ करते, दाराची कड धरते, सीटवर टेकते, उजवा पाय आत घेते. मग डाव्या गुडघ्याखाली हात घालून तो पाय उचलते आणि पिशवी ठेवावी तसा आत ठेवते. दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात कोणी हात लावायचा नाही, घाई करायची नाही, आणि आपण बघतोय असंही दिसू द्यायचं नाही. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.

ती जाते कुठं, तर दर रविवारी सकाळी आमच्या जुन्या वस्तीतल्या विहारात. वंदना होते, मग तिच्या बरोबरीच्या बायका तासभर बोलत बसतात. त्यांतल्या दोघीतिघी बाजारात तिच्या शेजारी बसून धान्य निवडणाऱ्या. कोणाचे गुडघे, कोणाची सून, कोणाचा नातू, सगळ्यांची उजळणी होते. शनिवारी संध्याकाळीच आई पांढरी साडी काढून खुर्चीवर ठेवते. सोमवार ते शनिवार ती घरात असते खरी, पण तिचं लक्ष रविवारात असतं.

तर अशा या गाडीनं गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता सकाळी चालू करताना निळा धूर सोडायला सुरुवात केली. थोडाच, चहा होईपर्यंत विरून जाणारा. मी बोनट उघडलं, ऑइल मोजायची कांडी काढली, पुसून पुन्हा आत घातली आणि बाहेर काढून बघितली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मी पाऊण लिटर टाकलं, तेव्हा कुठं ते वरच्या खुणेला आलं.

हिंगणा रोडवर एक मेकॅनिक आहे. मी तिकडच्या कारखान्यात होतो तेव्हापासूनची ओळख, आमचं सगळं काम तोच करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, निळा धूर अन् ऑइल कमी, म्हंजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असतीन. घेऊन या, खोलून पाहू. इंजिन उतरवा लागलं तर तीन आठवडे धरून चाला."

तीन आठवडे म्हणजे तीन रविवार. आणि एकदा खोलल्यावर आणखी काय काय निघेल, कोण सांगणार? सतराव्या वर्षी इंजिन उघडून बसलेला माणूस शेवटी "काका, आता सोडा हिचा नाद" असंच म्हणणार, हे मी मनात ठरवून टाकलं. डॉक्टरकडे गेलं नाही तर आजार होत नाही, असं मानणारी माणसं आमच्याकडे बरीच आहेत, त्यांत आणखी एकाची भर पडली. मी गाडी गॅरेजला नेलीच नाही. ऑइल टाकून टाकून दिवस काढायचे असं ठरवलं.

त्यात मला स्वतःबद्दल एक गुर्मी होती. सव्वीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. तेलाच्या ड्रममध्ये पट्टी घालून किती आहे ते सांगायचं, हे माझं रोजचं काम. माझं माप कधी चुकलं नाही. तेव्हा गाडीच्या ऑइलवर नजर ठेवायला दुसरा कोण लागतो? दर रविवारी, आई साडी नेसत असताना, मी अंगणात बोनट उघडायचो, कांडी बघायचो, आणि कमी पडलं तेवढं अगदी खुणेपर्यंत भरायचो. आधी दोन आठवड्यांनी पाव लिटर लागायचं. मग दर आठवड्याला पाव. दिवाळीनंतर दर आठवड्याला अर्धा. मी जितक्या निष्ठेनं पाजत होतो तितक्याच निष्ठेनं ती पीत होती. बायको म्हणाली, "पेट्रोल टाकायचं बंद करून पाहा एकदा, ऑइलवरच चालते का ते."

धूर आता चहा होईपर्यंत थांबत नव्हता. रस्ताभर आमच्या मागे असायचा, सिग्नलला दुचाकीवाले नाकाला रुमाल लावायचे. एका रविवारी विहारासमोर गाडी थांबवली तर पायरीवर बसलेली आईची एक मैत्रीण म्हणाली, "काहून वं, तुहा पोरगा डास मारायची गाडी घेऊन आला काय?" सगळ्या हसल्या. आईही हसली. पण परत येताना घराजवळ आल्यावर तिनं विचारलं, "गाडी जानार काय गा?"

"नाही," मी म्हणालो.

"खोटं नको बोलू. मले सांगून ठेव. मंग मी बायांना सांगून टाकतो, येनं होनार नाही म्हणून."

तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू असं विचारावं तसा. माझ्या भित्रेपणापायी ही बाई निरोप घ्यायच्या तयारीला लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकला पुन्हा फोन केला आणि या वेळी सगळं खरं सांगितलं. आईचं, रविवारचं, गाडी का आणली नाही ते. तो म्हणाला, "तुम्ही नका आणू. मीच येतो." दोन दिवसांनी गॅरेज उघडायच्या आधी तो मोटरसायकलवर आला.

इथं आमच्या घराची रचना सांगायला हवी. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला तेव्हा जुना रस्ता न खणता त्याच्यावरच नवा थर ओतला. रस्ता वर गेला, घरं खाली राहिली. नागपुरात अर्ध्या गल्ल्यांची हीच कथा. मग सगळ्यांनी फाटकापासून अंगणापर्यंत उतार बांधून घेतले. आमचं अंगण लहान, त्यामुळे गाडी उभी राहते ती त्या उतारावरच. आणि मी ती उलटी लावतो, मागचा भाग घराकडे, तोंड वर रस्त्याकडे. कारण तशी लावली तरच आईच्या बाजूचं दार ओट्याला लागून येतं. चार वर्षांत त्यात फरक पडलेला नाही.

मेकॅनिकनं बोनटला हात लावला नाही. तो फाटकात उभा राहून नुसता बघत होता. मग म्हणाला, "काका, ऑइल इथंच पाहता काय?"

"हो."

"अशीच राहते काय उभी? तोंड वर करून?"

"हो, का?"

त्यानं किल्ली घेतली, गाडी वर रस्त्यावर नेली आणि सपाट जागी बंद करून उभी केली. मग ओट्यावर बसून चहा घेतला. घाई नव्हती. "ऑइल खाली उतरू द्या," म्हणाला. पंधरावीस मिनिटांनी त्यानं कांडी काढली, पुसली, घातली, काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

मला आधी कळलंच नाही. त्यानं समजावून सांगितलं. आमच्या गाडीची कांडी इंजिनच्या पुढच्या अंगाला आहे. गाडीचं तोंड वर असलं की ऑइल मागे सरकतं, आणि कांडीला कमी दिसतं. मी ते कमी बघून भरत होतो. "जास्त झालं का इंजिन ते उडवते, हवेच्या नळीतून ओढून घेते अन् जाळते. तुम्ही पाजत होते, ते ओकत होतं." मग अगदी शांतपणे त्यानं विचारलं, "तुम्ही स्टोअरमधी होते ना, काका? तिथं ड्रम तिरपा करून मोजत होते काय?"

सव्वीस वर्षांची गुर्मी एका वाक्यात खाली आली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि तेही खुणेपर्यंत मोजून. मी काही बोलायच्या आत ओट्यावरून हसण्याचा आवाज आला. आई काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होती. डोळ्यांत पाणी येईतोवर ती हसली. मग पदरानं डोळे पुसून मेकॅनिकला म्हणाली, "त्याले बोलू नको बापा. माह्या दारासाठी उलटी लावते तो."

मेकॅनिकनं जास्तीचं ऑइल काढलं. सव्वा लिटर निघालं. हवेचा फिल्टर काढून दाखवला, तो भज्यांच्या कागदासारखा तेलकट झाला होता. पण पहिल्यांदा जो थोडा धूर दिसला होता, तो खरा होता, असं तो म्हणाला. व्हॉल्व्हचे रबरी सील वयानं कडक झालेले, त्यातून रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरतं. "ते एका दिवसाचं काम आहे. इंजिन उतरवा लागत नाही. सोमवारी आणून द्या, संध्याकाळी घेऊन जा." आणि जाताना हेल्मेट घालता घालता म्हणाला, "फोनवर न पाहता रिंगा म्हणून गेलो मी. त्याच्यानंच तुम्ही घाबरले. माहीही चूक आहे, काका."

त्या माणसाचे मी किती उपकार मानू? गाडी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. पण आधी न सांगता आलेलं भय ऐकून स्वतः उठून घरी येणारी, आणि वर स्वतःची चूक कबूल करणारी माणसं मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत दोनतीनच पाहिली असतील. सोमवारी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली. आईचा एकही रविवार बुडाला नाही.

आता दर रविवारी मी आधी गाडी वर सपाट रस्त्यावर नेतो, पेपर वाचून होईपर्यंत उभी ठेवतो, मग कांडी बघतो, आणि पुन्हा उलटी खाली आणून ओट्याला लावतो. बायकोला ही कवायत बघायला फार आवडते. गाडी अजूनही महिन्याकाठी थोडं ऑइल पिते. मी फोनवर काळजीनं सांगितलं तर मेकॅनिक म्हणाला, सतराव्या वर्षी एवढं चालतं. मला त्या गाडीचा आता रागही येत नाही. उलट इतकं चुकीचं पाजूनही तिनं एकदाही आम्हाला वाटेत सोडलं नाही, याचं नवल वाटतं.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. गाडी ओट्याला लागलेली, इंजिन चालू, मागे धुराचा मागमूस नाही. आई सीटवर टेकली, उजवा पाय आत घेतला. मी नेहमीसारखा रस्त्याकडे तोंड करून उभा. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मागून दार लावल्याचा आवाज येईना. मी हळूच बघितलं. तिचा हात डाव्या गुडघ्याखाली होता आणि पाय उचलला जात नव्हता. तिनं दम घेतला, पुन्हा प्रयत्न केला. पाय जागचा हलला नाही.

मी मान फिरवली. चार वर्षं मी या गाडीच्या जिवाला जपत होतो, आणि ती तर उभ्या जागी सुरळीत चालत होती. आता आई काठी मागेल, उतरेल, आत जाऊन साडी बदलेल, आणि मग कुठंच जाणार नाही, हे मला दिसत होतं. तिनं सांगून ठेवलं होतं.

"तिकडं काय पाहून राहिला?" ती म्हणाली.

मी वळलो.

"माहा पाय आत ठेव."

मी खाली वाकलो. एक हात टाचेखाली, एक पोटरीखाली घातला. तो पाय इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. आत ठेवला, साडीची कड दारात येऊ नये म्हणून आत सारली. ती समोर काचेतून रस्त्याकडे बघत होती. मी तसाच वाकलेला राहिलो, कारण वर बघायची माझी हिंमत नव्हती. तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच.

"लाव दार," ती म्हणाली. "बाया वाट पाहत असतीन."