गिरणीतलं भूत आणि ओळख परेड

आज जे लिहितोय ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. एक माणूस बहुधा निर्दोष आहे हे कळल्यावरही मी त्याला तुरुंगात राहू दिलं. नोकरीत होतो तोवर वर्दी जाण्याची भीती होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली, भीती गेली, तरी गप्पच राहिलो. ते प्रकरण मात्र डोक्यातून गेलं नाही. आता लिहायला बसलोय तर पूर्ण लिहिणार. नावं कुणाचीच देणार नाही.

सीडी प्लेयरचा जमाना होता. मी नवा फौजदार, शहागडच्या बाजूला हायवेवरच्या एका ठाण्यात नेमणुकीला. हद्दीतल्या एका गावात एक बाई पिठाची गिरणी चालवायची. दिवेलागणीला एक माणूस दळण घेऊन आला. बाई वजन करायला वाकली तशी तिच्या गळ्यातली सोन्याची पोत ओढून तो पळाला. दळणाची पिशवी तिथंच राहिली. गिरणीत एकच बल्ब, सगळीकडे पीठ उडालेलं. तरी फिर्याद देताना बाई ठाम होती. "तोंड बघितलंय साहेब. पुन्हा दिसू द्या, सोडत न्हाई त्याला."

काही दिवसांनी माझा खबरी आला. हायवेवर त्याची चहाची टपरी होती. म्हणाला, "परतूरचा एक पंक्चरवाला हाय. चोरी झाली त्या दिवशी इकडंच फिरून राह्यल्ता. गिरणी कुठंय म्हणून मलाच इचारलं त्यानं."

एवढं पुरे होतं. त्याला उचलून आणला. बारीक अंगाचा, पुढचे दात जरा बाहेर आलेला माणूस. मी विचारलं, "गिरणीची चौकशी कशाला केलीस?"

"शूटिंगसाठी साहेब. दुसऱ्या भागाला मोठी गिरणी पाहिजे होती. मी भूत हाय."

आमचे जमादार खुर्चीवरून पडायचेच राहिले. "साहेब, भुताला अटक दाखवायची तर पंच मसणातून आणावे लागतील."

"आईशप्पथ जमादार! लग्नाच्या शूटिंगवाल्यानं पिक्चर काढलाय आमचा. भुताला माणसांचं भ्याव वाटतं, असं हाय त्याच्यात. लोक हसून बेजार होतात. सीडी बाजारात मिळती. बिलकुल खरं सांगून राह्यलो."

मी त्याच्या कानाखाली ठेवून दिली. आरोपी येड्याचं सोंग घेतो, हे मी तोवर पाच-सहा जणांत पाहिलं होतं आणि तेवढ्यावर स्वतःला जाणता समजत होतो. एक शिपाई बाजारात पाठवून ती सीडी मागवावी, एवढंही सुचलं नाही.

पोलीस कोठडी संपली. कबुली नाही, पोत मिळाली नाही. राहिली फक्त ओळख परेड. परेडीआधी साक्षीदाराला आरोपीचं तोंड दिसता कामा नये, नाहीतर परेडीला अर्थ राहत नाही. म्हणून त्याला कोर्टात नेताना-आणताना बुरखा असायचा आणि त्याची गाठ मी स्वतः तपासायचो. परेड तुरुंगात झाली, नायब तहसीलदारांनी घेतली. पोलिसांना आत जाता येत नाही. मी फाटकाबाहेर उभा होतो. बाईनं रांगेत सरळ त्याच्याच खांद्यावर हात ठेवला. ठाणेदारांनी पेढे मागवले. मी उघडकीस आणलेला तो पहिला गुन्हा.

पुरवणी जबाबासाठी मी बाईच्या घरी गेलो. घरात टीव्ही चालू होता. सून, शेजारच्या दोघी-तिघी बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. पडद्यावर एक माणूस चोरपावलांनी गिरणीत शिरतो, इकडेतिकडे बघतो, दोन्ही हातांनी पीठ घेऊन तोंडाला फासतो आणि आरशात स्वतःला बघून किंचाळत सुटतो. पीठ फासण्याआधी त्याचा चेहरा चांगला पडदाभर दिसला. माझा आरोपी.

"हेच ते साहेब!" बाई कौतुकानं म्हणाली. "ह्यो गिरणीचा शीन तर मी किती डाव बघितला. आमच्या गिरणीवानीच हाय ना गिरणी."

"कधीपासून आहे मावशी ही सीडी?"

"चोरीच्या आधीपासून. परेडीत ह्याच्यावर नजर गेली अन् बराबर ओळखलं. मनात म्हणलं, अगं बाई, हे तर आपलं भूत!"

"आणि पोत ओढली तेव्हा हाच होता?"

"असंल की. तुम्हीच तर धरलंय. तुम्ही काय उगं धरताल का कुणाला?"

ज्या तोंडावर मी बुरखा चढवत होतो, ते तोंड तिच्या घरात रोज दिसत होतं. तिथून उठून मी हे केस डायरीत लिहायला हवं होतं, वरिष्ठांना आणि कोर्टाला कळवायला हवं होतं. मी म्हणालो, "मावशी, पिक्चरचं कोर्टात काढू नका. त्याची गरज नाही." मग चहा पिलो. पुरवणी जबाब लिहिला, त्यात सीडीचा शब्द नाही. त्याचा जामीन नामंजूर झाला. दोषारोपपत्र गेलं.

मी खरं बोललो असतो तर बहुधा त्याला लगेच जामीन झाला असता. पण माझा तपास कोसळला असता आणि फौजदार पहिल्याच केसमध्ये तोंडावर पडला असता. म्हणून मी दुसरा रस्ता धरला. खरा चोर शोधायचाच. माणूसही सुटेल, माझी अब्रूही राहील. हा हिशेब तेव्हा मला प्रामाणिक वाटला होता.

मुद्देमालाच्या खोलीतून ती दळणाची पिशवी काढली. परेड झाल्यावर तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. आत ज्वारी होती आणि पिशवीचं तोंड ताडपत्रीच्या दोरीनं बांधलेलं, ट्रकवर माल आवळतात त्या दोरीनं. सुटीच्या दिवशी साध्या कपड्यात मी शहागडचे ढाबे, ट्रकांचे थांबे फिरू लागलो. जमादार म्हणाले, "साहेब, केस कोर्टात गेली. आता काय ट्रक धुवायची नोकरी धरली का?" मी सोडलं नाही. शेवटी एका क्लीनरचं नाव निघालं. भरलेल्या मालातली ज्वारी काढून विकायचा म्हणून मालकानं त्याला हाकलला होता. तो हसनाबादला पाहुण्यांकडे सापडला. दुपारपर्यंत नाही-नाही म्हणत होता. मी पिशवी त्याच्यासमोर ठेवली. मग तोच म्हणाला, "सोनार दाखवतो."

पोत मिळाली. तिच्यातल्या एका वाटीला पूर्वी गिरणीच्या पट्ट्यात अडकून पोचा पडलेला होता, फिर्यादीत तसं लिहिलेलं होतं. बाईनं पोत तळहातावर घेतली, रडली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग ते भूत बिचारं कशापायी आत हाय?"

पोत ओळखल्याचा कागद मी तिच्यापुढे सरकवला.

पंक्चरवाला सुटला. तोवर परतूरच्या स्टँडजवळची त्याची पंक्चरची जागा दुसऱ्यानं धरली होती, बायको लेकरं घेऊन माहेरी गेली होती. शूटिंगवाल्यानं दुसरा भाग काढलाच नाही. चोर म्हणून नाव झालेल्या माणसावर कोण हसणार, म्हणाला. सुटल्यावर तो ठाण्यात आला आणि माझ्या पाया पडला. "साहेब, दुसरा कुणी असता तर केस गेली म्हणून गप बसला असता. तुम्ही सोडवलं मला."

"ते कामच आहे माझं," मी म्हणालो. तपासाबद्दल मला बक्षीस मिळालं, तेही घेतलं.

पुढे प्रत्येक परेडीआधी मी साक्षीदाराला विचारायचो, हा गुन्हा सोडून गावात, बाजारात, टीव्हीवर त्या चोरासारखं कुणाचं तोंड पाहिलंय का. हाताखालच्या पोरांनाही हेच शिकवलं. कुठं शिकलो ते सांगितलं नाही. घाबरलेल्या माणसाला चोराचं तोंड क्षणभर दिसतं. ज्याच्यावर घरदार हसतं ते तोंड मनात बसून राहतं. बाई खोटं बोललीच नव्हती. सबंध प्रकरणात खोटं माझ्या एकट्याचं होतं.

आता परतूरला त्याचं टायरचं दुकान आहे. बायको परत आली. मी दिसलो की दुकानातल्या गिऱ्हाइकांना अजून सांगतो, "ह्या साहेबांनी मला सोडवलं." त्याचे ते महिने मला परत देता येत नाहीत. पण त्याला आत कुणी ठेवलं, हे त्याला माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. हे छापून येण्याआधी मी परतूरला जाणार आहे, त्याच्यासमोर बसून हे सांगणार आहे. तेवढं मी त्याचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.