बुधाजीचा घोट

पडदा वर जातो तेव्हा समोर थळचा किनारा आहे. नारळीच्या बागांना खत हवं म्हणून वाळूवर मासळी कुजत घातली आहे आणि तिच्यावर माश्यांचा काळा थर हलतो आहे. त्या दुर्गंधीतून, नाकाला उपरण्याचा बोळा लावून, पाय उचलून उचलून टाकत एक सडपातळ गृहस्थ येतो. हा आपला बुधाजी. साल एकोणीसशे एकतीस.

भातशेतीवाल्यांच्या घरातला हा माणूस. इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरच्यांनी आशा सोडली, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या बाईंनी त्याची ओकारी आपल्या हातांनी काढली. बरा झाला तो ख्रिस्ती होऊनच गावात परतला. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. माणूस जन्मतः पापी आहे, स्वतःच्या पुण्याईवर कोणी तरत नाही, तारते ती देवाची कृपा, हे तो असं सांगे की म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावत. फक्त बोलण्याच्या ओघात पापाला तो ‘विटाळ’ म्हणे, आणि ते त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. गावातले टवाळ म्हणत, बुधाजीनं धर्म सोडला, पण नाक न्हाय सोडलं.

त्या नाकाला सगळ्यात मोठा जाच मैनाचा. ती कुजक्या मासळीच्या पाट्या बागांत वाही. नखांत काळी घाण, दात मिश्रीनं किटलेले, अंगाला असा दर्प की रविवारी उपासनेला तिच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून द्राक्षरस घेण्याच्या विधीला, सगळ्यांचा पेला एकच. म्हणून बुधाजी दर वेळी पहिल्या बाकावर बसे, पहिला घोट घेई आणि मागे वळून पाहत नसे.

त्या रविवारी अलिबागहून मिशनचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले होते. उपासनेनंतर बुधाजीला उपदेशक नेमायचं ठरलं होतं; बारा वर्षं तो त्याचीच वाट पाहत होता. पाळकसाहेबांनी पेला त्याच्या हाती दिला. म्हणजे सगळ्यांना पाजायचं त्यानं, आणि शेवटी प्यायचं तेही त्यानंच. पेला फिरत फिरत शेवटच्या बाकावरच्या मैनाशी आला. ती प्याली. काठावर मिश्रीचा डाग राहिला, आणि तळाच्या रसात काहीतरी काळं तरंगू लागलं. बुधाजीनं ओठ टेकवले मात्र, पोटातून उमासा आला. पेला धुण्याचं निमित्त करून तो मागल्या दारानं बाहेर पडला आणि रस नारळाच्या आळ्यात ओतून दिला.

वळून पाहतो तो दारात मैना. तिच्या मागे पाळकसाहेब. काय झालं, असं त्यांनी विचारलं. बुधाजीनं रिकामा पेला पाठीमागे नेला.

मैनाच म्हणाली, “रस आंबलेला व्हता, साहेब. मला बी तसाच लागला. बरं केलंत दादा, ओतलात ते.”

खोटं. देवाच्या दारात, त्याच्यासाठी, आणि तेही किती सहज. बुधाजीला पुन्हा मळमळलं, पण या वेळी मासळीनं नव्हे, मिश्रीनंही नव्हे. आपल्याच धुतलेल्या धोतराची, तेल लावून बसवलेल्या केसांची, पाठ केलेल्या वचनांची त्याला किळस आली. गप्प राहिला असता तर संध्याकाळपर्यंत उपदेशक झाला असता.

“रस चांगला व्हता, साहेब,” तो म्हणाला. “हिच्या तोंडचा म्हणून मी ओतला.”

नेमणुकीचं आता राहू दे, एवढंच पाळकसाहेब म्हणाले, आणि आत जाऊन बाटलीतला उरलासुरला रस त्यांनी पेल्यात ओतून आणला. पेला बुधाजीपुढे धरला. त्याच्या नाकात अजून तो दर्प होताच. तो काही कमी झाला नव्हता. त्यानं पेला घेतला आणि मैनापुढे केला.

“आधी तू पी, मैनाबाय. मग मला दे.”