बंद केलं की चालू

गॅरेजात आज हाताला पेट्रोलचा वास लागला आणि अंगणातली ती दुपार आठवली. बाबांच्या जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या नळ्या उन्हानं कडक होऊन चिरल्या होत्या. त्या मी बदलल्या, आणि टाकीखालच्या कॉकची दांडी चालू-बंदच्या खुणांना उलटी बसलेली दिसली म्हणून तीही सरळ केली. बाबा ऐटीत वसमतला निघाले आणि हळदीच्या वावरापासून गाडी ढकलत, घामाघूम होऊन परत आले. "नळ्या बराबर बसवल्या का?" "व्हय." "मंग पेट्रोल काहून येऊन न्हाई राहिलं?" मी वाकून पाहिलं. "बाबा, तुमी कॉक बंद करून निघाले!" "मंग? बंद केल्याबिगर चालू होते का ती?" दांडी माझी बरोबर होती, सवय त्यांची बरोबर होती आणि गाडी तेवढी बंद होती. शेवटी मी दांडी पुन्हा उलटी बसवली. आता बाबा नाहीत. आज त्याच गाडीच्या नळ्या बदलताना गॅरेजवाल्यानं विचारलं, "दांडी उलटी हाय, सरळ करू का?" मी घाईनं "नको" म्हणालो, आणि कॉक बंद करून घरी निघालो.