मावळतीकडे हात जोडणारा

खोपोलीच्या बाजारात सगळ्यात मोठा कंदील माझ्या दुकानात आहे. तिन्हीसांजेला तो लावला की रस्त्यानं जाणारी माणसं चालता चालता हात जोडतात. एकच जण जोडत नाही.

घाटावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली वीजघरात येतं आणि तिथली वीज तारांवरून मुंबईला जाते. हा त्या नळांचा राखणदार. दिवसभर नळांवर हातोडी वाजवत, कान लावत डोंगर चढतो-उतरतो आणि संध्याकाळी घरची चिमणी पेटवायला माझ्याकडूनच रॉकेल नेतो. म्हणजे त्याच्या घरातला उजेडसुद्धा माझ्या डब्यातला!

पण बोलणं ऐकावं. "आज मुंबईला चांगलं धाडलंय," म्हणतो, जसा काही लेकीकडे फणस धाडलाय. मुंबई त्यानं पाहिलेलीही नाही. मी तिथं गिरणीत राबलो, चाळीत राहिलो, पण मुंबई माझी आहे असं मला एक दिवस वाटलं नाही.

परवा मी कंदील लावला. त्यानं माझ्याकडे पाठ केली, मावळतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि हात जोडले.

"अरं, दिवा हितं हाय," मी म्हणालो.

"ह्यो तुमचा, शेट. माजे तिकडं लागले असतील आता."

बाटली घेऊन तो निघून गेला. मी वात वाढवली. आणखी वाढवली. काच काळी पडेपर्यंत वाढवत राहिलो.