मोहरीएवढा बुडबुडा

गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे थंडोबा म्हणतात, आणि तेही खुशाल ओ देतात. तरुणपणी ते दूध शीतकरण केंद्रात यंत्रं सांभाळायचे. "तिथं गारवा गेला की दूध नासायचं. इथं माणसं नासतात," असं म्हणून स्वतःच खो खो हसतात. गाडी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली की घाई करायची नाही, हे गिऱ्हाइकांनी मुकाट मान्य केलेलं आहे.

आमची गाडी तिथे गेली ती सासूबाईंसाठी. त्यांना मज्जातंतूंचा आजार आहे. अंगाला उष्णता लागली की हातापायांतलं बळ ओसरतं; गारव्यात हळूहळू परत येतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने अंथरूण धरलं होतं आणि 'धाकटीला आणा' एवढा एकच धोशा लावला होता. दिवसभराचा प्रवास, भर उन्हाळा, आणि एसीतून मात्र ओव्हनचं दार उघडल्यासारखी हवा. आम्ही दोन ठिकाणी गॅस भरून आणला. दोन्ही वेळा गारवा आला, सासूबाईंनी बॅग भरली. गारवा गेला, बॅग रिकामी केली. दुसऱ्यांदा त्यांनी कपडे कपाटात ठेवले आणि रिकामी बॅग पलंगाखाली ढकलली. ते मला बघवेना.

"गॅस भरून द्या, परवा निघायचंय," आमच्या ह्यांनी सांगितलं.

"भरतो की. पण साहेब, गॅस काही पेट्रोल नाही रोज संपायला. बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो बिचारा. कमी झाला म्हणजे कुठून तरी पळाला. आधी चोरवाट शोधू."

त्यांनी उरलासुरला गॅस यंत्राने काढून घेतला, नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला आणि दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. गळती असेल तिथे बुडबुडा फुगणार. आम्ही वाकून वाकून पाहिलं. कुठे काही नाही. दाबाचा काटाही जागचा हलेना.

"सगळं ठीक आहे म्हणायचं?" ह्यांनी विचारलं.

"ठीक असतं तर तुम्ही इथे कशाला आला असता?" थंडोबा हात पुसत काचेच्या केबिनमध्ये शिरले. बाहेर पत्रा तापलेला, पण आत त्यांनी हिवाळा राखला होता, आणि तिथे सासूबाई बसल्या होत्या. घरी थांबायला त्यांनी साफ नकार दिला होता.

"आजी, गारवा नेमका कधी जातो?"

"मला विचारताय? विचारा. तुमच्या काट्याआधी माझ्या पायांना कळतं." सासूबाई खुलल्या. "गाडी दारात उभी असली की काही होत नाही. दवाखान्याला जाऊन आले की गेला म्हणून समजा."

"तो रस्ता सगळा खणून ठेवलाय," मी म्हटलं. "हाडं खिळखिळी होतात."

थंडोबा तडक बाहेर आले. ह्यांना गाडीत बसवलं. एसी बंद, इंजिन चालू, ब्रेकवर पाय, गिअर टाकून क्लच किंचित सोडायचा. तसं करताच इंजिन झोपेत कूस बदलावी तसं एका अंगाला कललं. थंडोबांनी एका जोडावर दिव्याचा झोत धरला. "वहिनी, इथे बघा."

फेसातून मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला. हळूच फुगला, त्यात दिव्याचा रंग फिरला, आणि फुटला. इंजिन सरळ झालं, सारं शांत. पुन्हा कललं, पुन्हा बुडबुडा. जणू गाडी श्वास घेत होती. अंगावर काटा आला माझ्या. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते या माणसाने डोळ्यांसमोर आणून उभं केलं होतं!

"एसीचा दोषच नाही हा," थंडोबा म्हणाले. "इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर दबलंय. खड्ड्यात इंजिन झोके खातं आणि ही नळी ओढली जाते. नुसती नळी बदलली तर तीही जाईल." त्यांनी दोन्ही बदललं, नळ्यांतली हवा खेचून घेतली, बराच वेळ काट्यावर नजर ठेवली आणि मगच गॅस वजन करून भरला.

"आता आजींना घेऊन त्याच रस्त्याने जायचं. मी मागे बसतो."

आम्ही त्या खड्ड्यांतून दोनदा फेरी मारली. एसीच्या झरोक्यात खोचलेल्या थर्मामीटरचा पारा खाली गेला तो तिथेच राहिला.

"आजी, पंखा जरा कमी करा की, मी कुडकुडतोय."

"थंडोबा ना तुम्ही? मग सोसा."

घरी पोचलो. सवयीने मी धावत सासूबाईंच्या बाजूचं गाडीचं दार उघडायला गेले. आतूनच दार उघडलं. सासूबाईंनी एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि उभ्या राहिल्या. थंडोबा टोपी हातात घेऊन त्या पायांकडे बघत होते.

"बॅग काढ गं," सासूबाई मला म्हणाल्या.

ठरल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो. थोरल्या मावशींनी डोळे न उघडताच धाकट्या बहिणीचा हात चाचपला. "अगं, किती गार तुझे हात!"

सासूबाईंनी त्याच हातांनी बहिणीला अलगद उचललं आणि तिच्या मानेखालची उशी सारखी केली.