शमीमआपाचा एका पानाचा अर्ज

लातूरच्या ग्राहक मंचाबाहेर एक बाक होता. तारखेची वाट बघत त्यावर बसलं की किस्से आपोआप साचायचे. वकील मी, पण निम्म्या किश्श्यांत भाव खाऊन जायची ती शमीमआपा. गोलाईच्या बाजारपेठेजवळ ब्लाऊज शिवायची. शिक्षण सातवी.

तिची माझी ओळख उलट्या बाजूंनी झाली. तिचं नवं शिलाई मशीन टाके सोडायचं. दुकानदाराचा वकील मी. मी पाऊण तास कलमं सांगितली. आपानं मशीन टेबलावर ठेवलं आणि महिला सदस्यांना म्हणाली, "बाई, एक शिवण मारून बघा." दोरा तीनदा तुटला. निकालही तिथंच लागला.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

*

भूकंपानंतर औशाकडचा एक शेतकरी माझ्याकडं आला. विहिरीवरची नवी मोटर जळालेली, दुकानदार म्हणे बिल दाखवा. बिल घरात होतं आणि घर पडलेलं. "पुराव्याशिवाय अवघड हाय," मी म्हणालो.

मशीनच्या निकालाची गोष्ट ऐकून तो आपाकडं गेला. आपा त्याला घेऊन थेट दुकानात. "बिलबुकात कार्बन कॉपी असती नं भाऊ? काढा."

मोटर बदलून मिळाली. कार्बन कॉपी मलाही माहीत होती हो! सुचली नाही, एवढंच. बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "हुशार हाय बाई." त्या रात्री मी अर्ध्या भाकरीवरच उठलो.

*

मग क्लासेसचं पेव फुटलं. देगलूरच्या एका बापानं पोरीला इथं घातलं. पत्रकात छापलेलं, एका वर्गात चाळीस. प्रत्यक्षात दोनशे. मी बारा पानी तक्रार केली, इंग्रजीत.

आठवड्यानं तो फाईल मागायला आला. "वकीलसाब, रागावू नका. आपा लिहून देऊन राहिल्यात."

आपाचा अर्ज मी पुढं मंचात पाहिला. एक पान. "पोरीला फळा दिसत नाही." सोबत पोरीची वही, प्रत्येक गणित अर्धं. क्लासवाल्यांनी पुढच्या तारखेआधीच मिटवलं.

मी ती वही दोनदा चाळली. जळफळाट म्हणजे काय, ते तेव्हा नीट कळलं.

*

आणि मग मी नांदेडहून कार घेतली. नवी म्हणून घेतलेली गाडी शोरूमवाल्यांनी चार महिने ट्रायलला फिरवलेली निघाली. ताब्याच्या कागदावर ते बारीक अक्षरांत छापलेलं होतं. खाली माझी सही.

मंचात उभं राहून हे मीच कसं सांगू? पंधरा दिवस गप्प बसलो. शेवटी बायकोचं ब्लाऊजपीस घेऊन आपाकडं गेलो आणि मापाऐवजी तो कागद पुढं केला.

तिनं तो शेवटपर्यंत वाचला. "सही तुमचीच?"

"हाव."

"वाचून केली?"

मी ब्लाऊजपीसची घडी घालायला लागलो. ती हसली नाही. कात्री बाजूला ठेवून तिनं कोरा कागद ओढला.

"अशा केसला मी एकच वाक्य लिहिते भाऊ. चालंल?"

तिनं लिहिलं, "तक्रारदार अडाणी असून त्याने विश्वासाने सही केली."

मी खाली सही केली. या वेळी वाचून.