शंभर चिठ्ठ्यांचं कॉलेज

नागपुरातलं सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं, हे मी एका वर्षी चिठ्ठ्या मोजून ठरवलं होतं.

मी तेव्हा तर्कशास्त्र शिकवत होतो. हे मुद्दाम सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या आसपासची. महाल वस्तीजवळचं आमचं कॉलेज नवं होतं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. म्हणून मी ग्रंथालयाबाहेर काचेच्या दाराचा एक फलक लावून घेतला. नाव ठेवलं विचारफलक. कुणीही चिठ्ठीवर प्रश्न लिहावा, कुणीही त्याखाली उत्तर लावावं. उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या काढाव्यात, म्हणजे जागा मोकळी होते. नियम माझाच. तुम्ही तो लक्षात ठेवा. मी ठेवला नाही. वर्षभरात आणखी चार कॉलेजांनी नियमासकट ही कल्पना उचलली.

आमच्या फलकाची किल्ली शिपायाकडे होती. पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही. मामा टाचण्या ओठांत धरून काम करायचे, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणाला कळायचं नाही. महत्त्वाचं काही असलं तरच टाचण्या तळहातावर यायच्या. चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे.

"उत्तर पायजे, का नुसतं बोलाचं आहे?"

एकदा एका कवीने प्रेमाच्या चार ओळी आणल्या. म्हणाला, "नुसतं बोलायचं आहे, मामा."

"मंग खालच्या रांगेत लावतो गा. वरची रांग घाईवाल्याईची."

मला ही वर्गवारी फारच अडाणी वाटे. माझी पद्धत शास्त्रीय होती. दर शनिवारी मी सायकलवरून पाचही कॉलेजं फिरायचो आणि प्रत्येक फलकावरच्या चिठ्ठ्या मोजायचो. आमच्याकडे तर एकाच शनिवारी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करायचो. जिथे चर्चा जास्त ते कॉलेज मोठं, हा सिद्धांत. वर्षाअखेर यादी लागली. आम्ही शंभराच्या पुढे, पहिले. गावाच्या दुसऱ्या टोकाचं मुलींचं एक कॉलेज सात चिठ्ठ्यांसह शेवटचं.

"म्हणजे पहिले आपणच?" संस्थेच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"निर्विवाद," मी म्हणालो.

माझा सत्कार झाला. एप्रिलच्या शेवटी, नागपुरात, मला लोकरीची शाल पांघरवण्यात आली. ती मी भाषण संपेपर्यंत अंगावर ठेवली. हा मूर्खपणा मात्र या गोष्टीत धरू नका, तो वेगळा.

जूनमध्ये मामांची मुलगी मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली. मामा स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. मुलीला केमिस्ट्री शिकायची होती. पण पारशिवनीकडचं एक स्थळ घरच्यांनी पाहून ठेवलं होतं आणि तिच्या आजीची अट होती: कॉलेजात एक वर्ष जरी वाया गेलं, तरी लग्न. त्यामुळे कॉलेज चुकून चालणार नव्हतं. फॉर्म भरायला चार दिवस राहिले होते. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमक्ष मामांना धीर दिला.

"विचार कसला करता, मामा? आपलं कॉलेज पहिलं आहे. यादीच आहे ना!"

"आहे ना जी यादी."

"मग?"

"मी तिले शेवटच्या नंबरवाल्यात टाकून राहिलो, सर."

मला तो माझ्या शालीचा अपमान वाटला. "सात चिठ्ठ्या, मामा! अख्ख्या कॉलेजात सात!"

मामांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर घेतल्या.

"सर, आपल्या बोर्डावर 'केमिस्ट्रीचे सर कधी येणार' ही चिठ्ठी दिवाळीपासून आहे. तुमी ती दर शनिवारी मोजली."

स्टाफरूममध्ये कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

"उत्तर भेटलं का चिठ्ठी निघते, नियम तुमचाच आहे जी. मंग ज्या बोर्डावर शंभर चिठ्ठ्या..." पुढचं वाक्य त्यांनी माझा मान राखून सोडून दिलं. मग म्हणाले, "पोरीचा पेपर संपला तवाच मी पाचही बोर्डावर एक-एक चिठ्ठी लावून पाह्यली. 'मी शिपाई आहे, पोरीले केमिस्ट्री शिकाची आहे, तुमच्या इथं नीट शिकवता का?' त्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी उत्तर. खुद्द प्राचार्यबाईच्या अक्षरात. 'मुलीला घेऊन या, प्रयोगशाळा दाखवते.'"

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"वरच्या रांगेत. डावीकडून तिसरी."

मी जाऊन पाहिलं. उन्हाने कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर मामांचं. कोपऱ्यात माझ्या पेन्सिलीच्या तीन खुणा. तीन शनिवार मी त्या चिठ्ठीसमोर उभा राहिलो होतो आणि आमची प्रतिष्ठा एकेकाने वाढवून पुढे गेलो होतो.

त्या दिवशी फलकावर मी माझं पहिलं उत्तर लिहिलं: 'नाही.' मामांनी ते वाचलं, टाचलं आणि दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे दोन्ही चिठ्ठ्या काढल्या.

मुलगी शिकली. हुडकेश्वरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. निवृत्तीनंतर मामा तिच्याकडेच राहायला गेले. ते वारल्याचं मला आठवड्याने कळलं. भेटायला गेलो. तिने चहा दिला, मी इकडचं तिकडचं बोललो, आणि उठता उठता राहवलं नाही. अशा वेळीसुद्धा माणसाला आपला नंबर कितवा ते हवं असतं.

"बाबा माझ्याबद्दल काही म्हणायचे का गं?"

ती थोडी घुटमळली. "राग नाही ना येणार, सर?"

"नाही, सांग."

"म्हणायचे, सर माणूस चांगला. फक्त त्याईले काही विचारलं, का ते मोजून घेते."